पिवळं प्रश्नचिन्ह

आज एका सहीची गोष्ट.

मावसबहिणीच्या अ‍ॅडमिशनसाठी आम्ही ई-आधारची पीडीएफ घेऊन गेलो. खिडकीवरच्या काकांनी ती कॉम्प्युटरवर उघडली, तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह! "सही खोटी आहे," म्हणाले. दुसरा दिवस शेवटचा. मी घाईघाईत फाइल साइज कमी करणाऱ्या अ‍ॅपमधून काढून परत दाखवली. आता तर सहीच गायब!

रात्री शांतपणे बसलो, तेव्हा कळलं.

डिजिटल सही करताना आधी फाइलचा हॅश काढतात, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा एक ठरावीक लांबीचा आकडा. सही होते ती त्या आकड्यावर. तपासणारा कॉम्प्युटर हॅश पुन्हा काढून जुळवतो. म्हणून फाइल कॉम्प्रेस केली, प्रिंट मारली किंवा स्क्रीनशॉट काढला, की तपासणी संपलीच. मूळ फाइलच द्यायची.

मग प्रश्नचिन्ह कसलं? फाइल खोटी असं ते म्हणत नाही. "सही करणाऱ्याला मी ओळखत नाही," एवढंच कॉम्प्युटर सांगतो.

अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक करा, सिग्नेचर प्रॉपर्टीजमधून सर्टिफिकेट उघडा. साखळीत सगळ्यात वर 'सीसीए इंडिया' दिसेल. पण थांबा! नाव कुणीही टाकू शकतं. सीसीएच्या वेबसाइटवरून रूट सर्टिफिकेट घेऊन दोन्हींचं फिंगरप्रिंट जुळवा. जुळलं, तरच ट्रस्ट टॅबमधून विश्वास द्या आणि पुन्हा व्हॅलिडेट करा.

अजून एक गोष्ट बघा: हॅश कुठला आहे? २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, दोघींचा एसएचए-१ हॅश अगदी एकच! म्हणजे एकीवरची सही दुसरीलाही चालली असती. एमडी५ तर त्याच्याही आधी, २००४ मध्येच फुटला होता. म्हणून तिथे एसएचए-२५६ दिसायला हवा. एसएचए-१ किंवा एमडी५ असेल, तर हिरव्या टिकवर भरवसा ठेवू नका.

माझ्या लॅपटॉपवर हिरवी टिक आली. सकाळी उड्या मारत गेलो, तर काकांच्या स्क्रीनवर पुन्हा तेच प्रश्नचिन्ह! कारण विश्वास त्या-त्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, तो फाइलबरोबर जात नाही. मग काकांच्या शेजारी उभं राहून सगळं परत केलं, फिंगरप्रिंटसकट. टिक आली. काका हसले, म्हणाले, "मागच्या पोरांना उगाच परत पाठवलं की रे."

ते वाक्य अजून टोचतं. तुमच्या ओळखीत असं कुणी परत आलं असेल, तर हा भाग त्याला ऐकवा. भेटू पुढच्या भागात!