यत्नाचार आणि डासजन्य रोग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. डासांपासून होणाऱ्या रोगांचा विषय निघाला की आपल्या समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डास मारावा तर हिंसा, न मारावा तर मूल आजारी; मग श्रावकाने करावे काय?" त्याचे उत्तर आज आपण मिळून शोधू.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या हे आपले वैभव. साहजिकच डासांचा सारा दोष आपण त्यांच्यावर टाकतो. हिवतापाचे व जपानी मेंदूज्वराचे डास बांध्यांत आणि साचलेल्या पाण्यात वाढतात, हे खरे. परंतु हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास वाढतो तो गटारात, सांडपाण्याच्या डबक्यात आणि संडासाच्या टाकीत. डेंग्यू व चिकुनगुनियाचा एडिस डास तर घरातल्या स्वच्छ पाण्यातच जन्म घेतो. म्हणजे शत्रू तलावावर कमी आणि आपल्या अंगणात अधिक आहे.

हत्तीरोग आपल्या विदर्भाला नवा नाही. भंडारा जिल्हा या रोगाच्या प्रभावक्षेत्रात मोडतो. याचे जंतू रात्री रक्तात फिरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो आणि आतून रोग वाढत असतो. पाय एकदा कायमचा सुजला की तो पूर्ववत होणे कठीण. याचकरिता २००४ पासून देशात बाधित भागांतील निरोगी दिसणाऱ्यांनाही सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. कर्मचारी दारी आल्यावर "आम्हाला काही झालेले नाही" असे म्हणून त्या गोळ्या बाजूला ठेवू नयेत. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर रुग्ण यांना मात्र त्या देत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एडिसची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. रांजणाला घट्ट झाकण असेल तर मादीला आत शिरताच येत नाही. अंडी पडत नाहीत, आणि मारण्याचा प्रसंगही येत नाही. झाकण्यात आळस झाला की आठवड्याभराने घरात डास होतात; मग धूर, फवारणी, विजेची रॅकेट असे एकेक सुरू होते. प्रमाद हे हिंसेचे मूळ आहे, असे आपण स्वाध्यायात ऐकतो. उघडा रांजण हा तसाच प्रमाद नव्हे काय?

आपण पाणी गाळून पितो, ही थोर परंपरा आहे. पण गाळलेले पाणी उघडे राहिले तर त्यात पुन्हा जीवोत्पत्ती होते. म्हणून गाळण्याइतकेच झाकण्यालाही महत्त्व द्यावे. आठवड्यातील एक वार ठरवून सर्व भांडी रिकामी करावीत, आतून घासावीत व कोरडी करावीत. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, म्हणून केवळ पाणी ओतून भागत नाही. यात सूक्ष्म हिंसा घडते, हे मी नाकारत नाही. परंतु नियम अखंड राहिला तर ती अत्यल्प होते. उन्हाळा संपताच कूलरचे पाणी काढून टाकावे. गच्चीवरचे जुने टायर, फुटके माठ आवरावेत. संडासाच्या वायुनळीला जाळी बांधावी, सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. लहान मुलांना मच्छरदाणीत झोपवावे. एडिस दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेतही.

शेवटी एक कळकळीची विनंती. चातुर्मास आणि पर्युषण नेमके डासांच्या हंगामात येतात. तपस्वी व्यक्तीला ताप आला तर तो लपवू नये. डेंग्यूमध्ये शरीराला पाण्याची नितांत गरज असते, आणि ताप उतरू लागतो तेव्हाच कधी कधी खरा धोका सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे. तापात ॲस्पिरीन व आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्ततपासणी करावी. उपवास सुरू ठेवावा की पारणे करावे, हे गुरुजन व डॉक्टर दोघांनाही विचारून ठरवावे. घरच्यांनी केवळ संकोचापोटी गप्प बसू नये.

जीवदया आपल्या घरातील रांजणाच्या झाकणापासून सुरू होते, एवढे ध्यानी घेऊन आपण घरी जाल, अशी आशा करतो. जय जिनेंद्र.