दरबारीचा गंधार आणि पेटी



पेटीवर काय वाजवायला सर्वांत जास्त आवडतं असं कुणी विचारलं, तर मी 'मानापमान'मधल्या पदांचं नाव घेईन. 1911 सालच्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे स्वतः मोठे पेटीवादक. त्यातल्या मुरक्या, हरकती, चटकन येऊन जाणाऱ्या ताना यांना सूर सुटा आणि स्वच्छ लागतो. पेटीचं ते हक्काचं काम. ही पदं मी कितीही वेळा वाजवली तरी मन भरत नाही.

माझा कस लागतो तो दरबारी कानड्यात. द्रुत तान रियाजानं बसते हो. पण विलंबित दरबारी, तोही मंद्र सप्तकातला! त्याचा कोमल गंधार पेटीच्या पट्टीहून खाली असतो, शिवाय तो एका जागी ठरत नाही, आंदोलित असतो. पेटीत सप्तकाला पट्ट्या 12, आणि मींड मुळीच नाही. गायकाचा गंधार झुलत असताना पेटीवाल्यानं गंधाराची पट्टी दाबून धरली, तर दोन सूर एकमेकांवर घासतात आणि रागाचा सगळा भारदस्तपणा जातो. पेटीच्या याच मर्यादेवर बोट ठेवून 1940 मध्ये रेडिओनं तिला दार बंद केलं होतं. ते उघडायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. आक्षेपात तथ्य होतं, असं मी पेटीवर जीव असूनही म्हणेन.

मग दरबारी वाजवायचा कसा? मी गंधारावर थांबत नाही. मुक्काम ऋषभावर. तिथून गंधाराला हलका स्पर्श, परत ऋषभ, पुन्हा स्पर्श. डाव्या हाताचा भाता इतका संथ हवा, की दोन सुरांमधला सांधा कानाला जाणवू नये. मग मध्यमावरून वळून ऋषभ, षड्ज. आंदोलनाचा नुसता भास होतो, पण तो भास साधला की अंगावर काटा येतो.

डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी घडवली. तिच्यावर गंधाराची नेमकी जागा मिळते, हे फार मोठं काम झालं. झोका मात्र अजूनही बोटांनीच द्यावा लागतो.

साथीला बसल्यावर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे संयम. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांची साथ मी याच कानानं ऐकतो: कुठे भरायचं, कुठे नुसता षड्ज धरायचा, कुठे हात उचलायचा. गायक गंधारावर रेंगाळला की मीही षड्जावर राहतो आणि त्याला ती जागा मोकळी सोडतो.

यापुढे पेटीच्या साथीनं गायलेला दरबारी कानावर पडला, तर त्या गंधारापाशी गायकाबरोबर पेटीकडेही कान द्या. वादक तिथे काय वाजवतो आणि काय टाळतो, ते तुम्हाला ऐकू येईल.