युद्धखेळाची वानगी आणि मोहीम



बारामतीच्या पेठेंत गूळ किंवा धान्य घेणारा व्यापारी नुसत्या शब्दावर सौदा करीत नाहीं. ढेपेचा खडा तो जिभेवर ठेवून पाहतो, पोत्यांतील मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखतो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो. या मूठभर मालाला मराठींत वानगी असें नांव आहे. वानगी दाखविल्यानें वाईट माल चांगला होत नाहीं. परंतु वानगीवांचून चांगला मालही पडून राहूं शकतो. हाच प्रश्न आज अगदीं निराळ्या मालाविषयीं विचारला जात आहे. संगणकावर अथवा पटावर, दोन पक्षांनीं आळीपाळीनें चाली करून खेळावयाचे जे युद्धखेळ आहेत, त्यांच्या कर्त्यांनीं गिऱ्हाइकाला आधीं फुकट वानगी, म्हणजे ज्याला ‘डेमो’ म्हणतात ती, द्यावी काय? आणि अशा खेळांत एकीमागून एक गुंफलेल्या लढायांची मोहीम, म्हणजे ‘कॅम्पेन’, असलीच पाहिजे काय?

प्रश्न वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल; पण तसा तो नाहीं. असे खेळ पुष्कळ वेळां एकटा माणूस किंवा दोघेचौघे मिळून, आपल्या पदरचे पैसे घालून, वर्षानुवर्षें खपून तयार करतात. त्यांचे चाहते थोडे असतात. पहिला खेळ खपला नाहीं तर दुसरा निघत नाहीं. उलट घेणाराही कांहीं कुबेर नसतो. नीरेच्या डाव्या कालव्यावरील पणदऱ्यासारख्या गांवीं एखाद्या विद्यार्थ्यानें साठविलेले पैसे खर्चून खेळ घेतला आणि तो त्याला उमगलाच नाहीं, तर त्याचे पैसे तर जातातच, पण त्या साऱ्या जातीच्या खेळांवरून त्याचें मनही उडतें. म्हणून करणारा व घेणारा या दोघांच्याही हिताचा विचार येथें केला पाहिजे.

प्रथम वानगीचा विचार करूं. झटपट बोटें चालविण्याच्या खेळांत चित्र पाहतांच खेळ कळतो. गाडी धांवते, चेंडू उडतो, आणि पाहणारा तेवढ्यानेंच रंगून जातो. युद्धखेळाचें तसें नाहीं. त्याचें चित्र म्हणजे बहुधा षट्कोनी घरांचा एक नकाशा व त्यावर मांडलेल्या चौकोनी सोंगट्या. नवख्याला त्यांत कांहींच दिसत नाहीं. जाणत्याला मात्र तेथें नदीचा उतार, अडलेली रसद, दमलेली पलटण आणि सेनापतीचा संशय हें सारें दिसतें. म्हणजे ज्या खेळाचा रस चित्रावरून कळत नाहीं, त्याला वानगीची गरज इतरांपेक्षां अधिकच आहे.

याला इतिहासाचा दाखला आहे. प्रशियांतील फॉन रायस्वित्झ नांवाच्या तरुण लष्करी अंमलदारानें आपल्या वडिलांनीं आरंभिलेला युद्धखेळ सुधारून १८२४ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध केले. नकाशाचें प्रमाण आठ हजारांस एक, आणि प्रत्येक पाळी म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटें, इतका तो बारकाईचा होता. सैन्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख जनरल म्युफलिंग यांच्यापुढें हा खेळ मांडण्यांत आला, तेव्हां त्यांनीं आरंभीं थंडपणेंच पाहिलें. पण डाव चालूं लागला, दोन्ही पक्षांच्या फौजा हलूं लागल्या, तसतसे ते रंगत गेले. आणि अखेर हा नुसता खेळ नसून युद्धाचें शिक्षणच आहे असा अभिप्राय त्यांनीं दिला. पुढें लष्करी साप्ताहिकांतूनही त्यांनीं त्याची शिफारस केली. नियमांचें पुस्तक त्यांच्या हातीं नुसतें दिलें असतें तर हा परिणाम झाला असता असें वाटत नाहीं. एका डावानें जें झालें तें शंभर पानांनीं झालें नसतें.

आपल्याकडेही जुने खेळ वानगीवरच जगले. महाराष्ट्रांतील कित्येक देवळांच्या व लेण्यांच्या फरशीवर खेळांचे पट कोरलेले आढळतात. वाघ-बकरीचा डाव ज्यानें पाहिला असेल त्याला ठाऊक आहे कीं, त्यांत वाघ थोडे व बकऱ्या पुष्कळ. वाघानें उडी घेऊन बकरी मारावयाची आणि बकऱ्यांनीं वाघाला कोंडावयाचें. दोन्ही पक्षांचें बळ निराळें, हेतूही निराळा. तरी हा खेळ कोणी पुस्तकांतून शिकत नसे. दोघे खेळत बसावयाचे, चौघे भोंवतीं उभे राहावयाचे, आणि तिसऱ्या डावाला उभ्यांपैकीं एखादा खालीं बसावयाचा. कोरलेला पट हीच त्याची कायमची वानगी होती.

वानगीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, या खेळांचे चाहते मुळांतच थोडे आणि जाणते. पानिपत किंवा वॉटर्लू हें नांव वाचलें कीं ते न पाहतां घेतात, मग वानगी कोणासाठीं? दुसरा असा कीं, फुकटांत मिळालें तेवढ्यानेंच कित्येकांचें समाधान होतें व विक्री बुडते. पहिल्या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें जुन्या चाहत्यांपुरतें. जुने चाहते वयानें वाढतात आणि एक दिवस खेळणें सोडतात. नवा माणूस आला नाहीं तर ती पेठच मोडते. दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर असें कीं, तासाभराच्या वानगीनें ज्याचें पोट भरतें त्यानें तो खेळ बहुधा घेतलाच नसता. आणि घेतला असता तर तक्रार केली असती.

कोणी म्हणेल, हल्लीं माल परत करतां येतो, मग वानगी कशाला? संगणकाचे खेळ विकणारें ‘स्टीम’ हें मोठें दुकान २०१५ पासून खरेदीच्या १४ दिवसांच्या आंत, आणि खेळ दोन तासांपेक्षां कमी वेळ चालविला असेल तर, पैसे परत देतें. सवलत चांगली आहे. परंतु युद्धखेळाला दोन तास म्हणजे कांहींच नव्हे. नियम समजावून घेण्यांतच ते निघून जातात. घेणाऱ्याला निर्णय करावा लागतो तो नेमका खेळ कळूं लागण्याच्या आधीं. म्हणून परतीची सवलत ही वानगीची जागा घेऊं शकत नाहीं. त्याच दुकानांत वर्षांतून तीनदां ‘नेक्स्ट फेस्ट’ नांवाची जत्रा भरते आणि यावयाच्या खेळांच्या वानग्या तेथें मांडल्या जातात. लहान कर्त्याला जाहिरातीसाठीं पैसा नसतो. त्याला ही जत्रा मोठीच सोय आहे.

पण वानगी कशी असावी? पुष्कळ कर्ते मोठ्या मोहिमेचा पहिला तुकडा कापून देतात. त्या तुकड्यांत बहुधा सोंगटी कशी हलवावी एवढेंच शिकविलेलें असतें. खरा पेंच सुरू होण्याच्या आधींच पडदा पडतो. ही वानगी नव्हे, हें पोत्याचें तोंड दाखविणें झालें. वानगी म्हणजे लहान पण संपूर्ण लढाई हवी. तिला आरंभ असावा, अडचण असावी आणि हार किंवा जीत असावी. या बाबतींत मुंबईंत १८१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ लक्षांत घेण्याजोगा आहे. मूळ संस्कृतांतील हा ग्रंथ इंग्रजींत उतरवून, युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून छापलेला होता. त्यांत मुख्यत्वें डावांतील आणीबाणीचे प्रसंग मांडून दिलेले आहेत. पटावर मोजकीं मोहरीं, आणि प्रश्न एकच कीं मात कशी करावी. असा एक प्रसंग शिकाऊ माणसाला थोड्या वेळांत सोडवितां येतो, आणि तेवढ्यांत साऱ्या खेळाची गोडी जिभेवर येते. युद्धखेळाच्या वानगीला याहून चांगला कित्ता सांपडणें कठीण.

आतां मोहिमेकडे वळूं. एकेकटी लढाई आणि मोहीम यांतील भेद आपल्याच इतिहासांतून उत्तम कळतो. १४ जानेवारी १७६१ चें पानिपत घ्या. खेळांत तेवढा एकच दिवस मांडला तर खेळणारा विचारील, उपाशी फौज घेऊन मराठ्यांनीं लढाई दिलीच कां? याचें उत्तर त्या दिवसांत नाहींच. मार्च १७६० मध्यें भाऊसाहेबांनीं परतूरहून कूच केलें, ऑगस्टांत दिल्ली घेतली, ऑक्टोबरांत कुंजपुरा जिंकून धान्याचा सांठा मिळविला; आणि तोंच अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली. पुढचे अडीच महिने रसद तुटत गेली. हें सारें हातानें केल्यावांचून जानेवारींतील त्या सकाळचा अर्थ लागत नाहीं. जेथें आजच्या चालीचें फळ उद्यांच्या लढाईंत भोगावें लागतें, तेथें मोहीम हा खेळाचा प्राण आहे.

हें तत्त्व अमेरिकेंतील एस. एस. आय. कंपनीनें १९९४ सालीं काढलेल्या ‘पान्झर जनरल’ या खेळांत स्पष्ट दिसलें. त्यांत एका लढाईंत वांचलेली तुकडी आपल्या अनुभवासह पुढच्या लढाईंत येते. मुरलेली पलटण फुकट घालविली तर ती पुन्हां मिळत नाहीं. यामुळें खेळणारा नुसतें जिंकण्यावर समाधान मानीत नाहीं; किती हानि सोसून जिंकलों हेंही तो पाहूं लागतो. २००३ पासून फुकट मिळणाऱ्या ‘बॅटल फॉर वेस्नोथ’ या खेळांतही अनुभवी शिपाई पुढच्या प्रसंगीं पुन्हां बोलावितां येतात, आणि त्याच्या कित्येक मोहिमा खेळणाऱ्यांनींच रचलेल्या आहेत. मोहिमेचा आणखी एक उपयोग शिक्षकाचा. १९७७ सालच्या ‘स्क्वॉड लीडर’ या पटावरील खेळांत नियम एकदम अंगावर टाकलेले नव्हते; थोडे नियम वाचावे, तेवढ्यावर एक लढाई खेळावी, मग पुढचे नियम वाचावे, अशी पायरीपायरीची योजना होती. मुळाक्षरांनंतर बाराखडी आणि मग जोडाक्षरें, हाच तो क्रम.

मग प्रत्येक युद्धखेळाला मोहीम हवीच काय? जगांतील सर्वांत प्रसिद्ध युद्धखेळ, म्हणजे बुद्धिबळ, याला मोहीम नाहीं. प्रत्येक डाव नव्या कोऱ्या पटावर सुरू होतो; कालच्या डावांत मेलेला हत्ती आज पुन्हां कोपऱ्यांत उभा असतो. तरी तो खेळ शतकानुशतकें टिकला, कारण त्याची मोहीम पटाच्या बाहेर, समाजानें उभी केली. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें सामन्यांची जी परंपरा चालविली, ती अशीच मोहीम होती. जुलै २०२५ मध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तो फेरीमागून फेरी पार करून. ही मोहीम खेळाच्या कर्त्यानें रचलेली नव्हे. ती मंडळांनीं, पंचांनीं आणि प्रतिस्पर्ध्यांनीं रचलेली आहे.

यावरून निर्णयाची किल्ली सांपडते. ज्या खेळाला प्रतिस्पर्धी सहज मिळतो त्याला मोहीम नसली तरी चालते. ज्याला तो मिळत नाहीं त्याला मोहीम हवी. बुद्धिबळाचा सोबती पणदऱ्यांतही मिळेल. पण एखाद्या अपरिचित युद्धखेळाचा दुसरा जाणता त्या पंचक्रोशींत मिळेलच असें नाहीं. अशा एकट्या खेळणाऱ्यासमोर संगणकच शत्रु म्हणून बसतो, आणि सुट्या लढाया पांचसहा खेळून झाल्यावर त्याला पुढें ओढणारें कांहीं उरत नाहीं. त्याच्यासाठीं मोहीम हीच मंडळी आणि तोच सामना. मात्र ती लहान असली तरी चालेल. एकाच तऱ्हेच्या तीस लढाया रचण्यापेक्षां, जिच्यांत प्रत्येक वेळीं नवा पेंच आहे आणि मागच्या चुकीचा हिशेब द्यावा लागतो, अशी सहा-सात लढायांची मोहीम केव्हांही श्रेष्ठ.

सोबती आणि वानगी दोन्ही गेलीं म्हणजे काय होतें याचें उदाहरणही आपल्या घरांतच आहे. आपल्याकडील देशी पद्धतीच्या बुद्धिबळांत प्यादें पहिल्या चालीस एकच घर जाई, राजाला एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, आणि प्यादें ज्या घरीं पोहोंचेल त्या घरचें मोहरें होई. या पद्धतीवर वाढलेले पंजाबचे मीर सुलतान खान इंग्लंडांत गेले आणि नवे नियम आत्मसात् करून १९२९, १९३२ व १९३३ सालीं तेथील अजिंक्यपद त्यांनीं जिंकलें. म्हणजे देशी पद्धतींत बुद्धीची तालीम कमी होती असें नव्हे. पण पुस्तकें, सामने व प्रतिस्पर्धी दुसऱ्या पद्धतीकडे गेले, ओट्यावर देशी डाव मांडणारे हात थकले, आणि आज तो डाव क्वचितच दृष्टीस पडतो. खेळ नियमांत दोष असल्यानें मरतो असें नाहीं. तो दाखविणारा कोणी उरला नाहीं म्हणजे मरतो.

सारांश, ज्या कर्त्याचे हात दोन व दिवस मोजके आहेत, त्यानें आपली मेहनत या क्रमानें लावावी. आधीं एक लहान, संपूर्ण आणि चुरशीची लढाई तयार करून ती सर्वांना मोकळी द्यावी. मग खेळणारा एकटा असणार कीं दुकटा, हें पाहावें. एकटा असेल तर छोटी पण परिणाम पुढें नेणारी मोहीम रचावी. दुकटा असेल तर मोहिमेवर खर्च न करतां प्रतिस्पर्धी मिळवून देण्याची व सामने भरविण्याची सोय करावी. आणि ज्यांना असा एखादा खेळ येतो, त्यांनीं सुटीच्या दिवशीं पट मांडून चारचौघांत बसावें, व शेजारीं उभ्या असलेल्या मुलाला पहिली चाल करावयास सांगावें. तेवढी वानगी देण्यास संगणकही लागत नाहीं.