भाकड गाईची दावण



माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या माळावर देवणी आणि लाल कंधारी जनावरं बघायला लातूर-नांदेडकडची माणसं लोटतात. बघणाऱ्याची नजर गाईच्या कासेवर जाते, बैलाच्या खांद्यावर जाते. मी आज ज्या गाईबद्दल बोलणार आहे तिच्याकडे मात्र घरचं माणूससुद्धा धड बघत नाही. ती म्हणजे आटलेली, सात-आठ महिन्यांची गाभण गाय. दूध थांबलं की आपल्याकडे त्याच दिवशी तिची पेंड थांबते. दुभत्या जनावरांनी मागं टाकलेली चिपाडं तिच्यापुढं सरकवली जातात आणि दिवसभर ती निघालेल्या रानात धसकटं चघळत फिरते. पुढचं वेत बिघडतं ते इथंच, असं माझं ठाम मत आहे.

पोटातल्या वासराच्या वजनातला मोठा हिस्सा शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत भरतो. कासही याच दिवसांत आतून नव्यानं तयार होत असते. म्हणून विण्याआधी साठ दिवस धार बंद असायलाच हवी. गाय साधारण २८० दिवसांनी विते. भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे सात महिने कधी भरले ते तोंडी हिशेबावर राहणार नाही. आटवताना खुराक थोडे दिवस कमी करा. पण एकदा ती आटली की चांगला कडबा, जमेल तेवढी हिरवी वैरण आणि किलोभर खुराक तिला मिळालाच पाहिजे.

शेवटचे तीन आठवडे फार मोलाचे. या काळात खुराक हळूहळू वाढवत दोन-अडीच किलोपर्यंत न्यायचा. गाईच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांना नव्या खाण्याची सवय लागायला दहा-पंधरा दिवस लागतात. व्याल्याबरोबर एकदम पाच-सहा किलो पेंड-भरडा घातला तर पोट आंबतं, रवंथ थांबतो. याच तीन आठवड्यांत लसूणघास आणि चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं औषध हात राखून द्या. बाहेरून भरपूर चुना मिळत राहिला तर हाडातला चुना काढायची शरीराची सवय मोडते आणि व्याल्यावर दुधाचा लोट आला की गाय बसते. कान गार पडले, मान कुशीकडं वळली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या भरपूर दुधाच्या संकरित गाईत हे जास्त दिसतं.

व्याल्यावर गूळ आणि शिजवलेली बाजरी द्यायची आपली रीत चांगली आहे, बेतानं द्या. खरी ओढाताण पुढं असते. दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचतं. भूक मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्याशिवाय पूर्ण खुलत नाही. मधल्या दिवसांत गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. भाकड काळात जिच्या अंगावर काही चढलंच नाही तिनं जाळायचं काय? मग ती दूध तोडते, बरगड्या मोजता येतात, वेळेवर माजावर येत नाही, भरवली तरी उलटते. आपण मात्र दोष रेतनाला देतो.

या दिवसांतला हिशेब सोपा आहे. शरीर पोसायला दीड किलो आणि दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम खुराक. चार लिटरच्या देवणीला तीन किलोच्या आसपास पुरतो. पंधरा लिटरच्या संकरित गाईला साडेसात किलो लागतो, तो तीन-चार वेळा वाटून द्यायचा. वाढवल्यावर दूध वाढतंय तोपर्यंत आणखी थोडा वाढवून बघा. देवणी एका वेतात साधारण आठशे ते हजार लिटर देते, लाल कंधारी त्याहून कमी. म्हणून शेजारच्या संकरित गाईचं माप तिच्यावर लादू नका. ज्या भगिनी रोज पेंड भिजवतात, त्यांच्या हाती हे माप द्या. धार त्याच काढतात, फरक आधी त्यांनाच कळतो.

खुराक घरी बनवता येतो. शंभर किलोला मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा पस्तीस, सोयाबीन किंवा सरकी पेंड तीस, तूर चुनी आणि गव्हाचा कोंडा मिळून बत्तीस, खनिज मिश्रण दोन आणि मीठ एक किलो. लातूरला डाळमिलांमुळं चुनी हाताशी आहे, तिचा फायदा घ्या. कच्चं सोयाबीन मात्र भरडून घालू नका. युरिया-प्रक्रिया केलेला चारा दावणीला असेल तेव्हा तर मुळीच नाही, त्यातून विषबाधा होते.

माझी काळजी आहे ती कडब्याची. आपल्या भागात सोयाबीन वाढलं तसा ज्वारीचा पेरा घटला आणि गंजी लहान होत गेल्या. सोयाबीनचं भुसकट आता बहुतेक दावणींना आहे. ते टाकून देऊ नये, पण नुसत्या त्याच्यावर गाय भरत नाही. काडी राठ असते, जनावर निवडून खातं. कडब्याच्या कुट्टीत मिसळून, मिठाच्या पाण्याचा हबका मारून द्या.

चौथ्या महिन्यापासून दूध हळूहळू उतरतं तसा खुराकही बेतानं उतरवा. गाय एव्हाना गाभण असावी. व्याल्यापासून सातव्या महिन्यानंतर तिच्या पाठीवर हात फिरवून बघा. हाडं टोचत असतील तर दुधाच्या मापापेक्षा किलोभर जास्त द्या. गेलेलं अंग दूध चालू असतानाच चांगलं भरून येतं.

आणि पाणी. एका लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी गाईला जास्तीचं लागतं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा दाखवून भागत नाही.

ज्यांच्या गाई जेठात विणार आहेत, त्यांचा भाकड काळ ऐन चैत्र-वैशाखात येतो. तेव्हा बांधावर काडी नसते. एका गाईला रोज सहा किलो धरलं तरी साठ दिवसांना साडेतीन क्विंटलच्या वर कडबा लागतो. रब्बीची ज्वारी निघाली की तेवढ्या पेंढ्या वेगळ्या रचून ठेवा आणि भाव कितीही चढला तरी त्या विकू नका.