कंपनीस नागरिकाचे हक्क असावेत काय?

कंपनी मतदानासाठीं रांगेंत उभी रहात नाहीं, कीं अपराधाबद्दल तुरुंगांत जात नाहीं. ती कायद्याची निर्मिति आहे. करार करणें, मालमत्ता बाळगणें, फिर्याद लावणें, हीं कामें सुलभ व्हावीं म्हणून कायद्यानें तिला 'व्यक्ति' मानिलें. परंतु व्यवहारापुरत्या मानलेल्या या व्यक्तीस राज्यघटनेनें मनुष्यास दिलेले हक्कहि असावेत काय, हा वाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जवळजवळ दीड शतक चालला आहे.

त्याचें मूळ मोठें विलक्षण आहे. गुलामगिरींतून मुक्त झालेल्यांस संरक्षण मिळावें म्हणून १८६८ सालीं घटनेंत चौदावी दुरुस्ती झाली. कोणत्याहि 'व्यक्ती'स कायद्याचें समान संरक्षण नाकारूं नये, असें तींत म्हटलें आहे. १८८६ सालीं सँटा क्लारा परगणा व सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनी यांचा कराविषयींचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. हें कलम कंपन्यांस लागू आहे; त्यावर युक्तिवाद ऐकण्याची जरुरी नाहीं, असें सरन्यायाधीश वेट तोंडीं म्हणाले. निकालपत्रांत या प्रश्नाचा निर्णय नाहीं. न्यायालयाच्या वृत्तकारानें मात्र तें विधान निकालाच्या शिरोभागीं छापिलें, आणि पुढील निकालांनीं त्याचाच आधार धरिला.

निवडणुकींतील पैशाची कथा निराळी. १९०७ सालीं कंपन्यांस राष्ट्रीय निवडणुकींत देणग्या देण्याची बंदी झाली. तांब्याच्या खाणवाल्यांनीं राजकारण मुठींत घेतलेलें पाहून माँटाना संस्थानच्या मतदारांनीं १९१२ सालीं स्वतःच कडक कायदा केला. पुढें १९७६ सालीं बकली खटल्यांत प्रचारावरील खर्च हें भाषणस्वातंत्र्याचेंच अंग ठरलें. २१ जानेवारी २०१० रोजीं 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यांत, पांच विरुद्ध चार मतांनीं, उमेदवाराहून स्वतंत्रपणें वाटेल तितका खर्च करण्याची मोकळीक कंपन्यांस व कामगारसंघांस मिळाली. उमेदवारास थेट देणगी देण्याची बंदी तेवढी राहिली. २०१२ सालीं माँटानाचा शतायुषी कायदाहि या निकालापुढें टिकला नाहीं.

म्हणून अनेकांनीं घटनादुरुस्तीची मागणी केली. न्यायालयाचा निकाल दुरुस्तीनें फिरविल्याचें उदाहरण तेथें आहे. प्राप्तीवरील कर १८९५ सालीं न्यायालयानें अडविला, तो १९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीनें मोकळा झाला. पण वाट बिकट आहे. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतें आणि ५० पैकीं ३८ संस्थानांची संमति लागते. ११ सप्टेंबर २०१४ रोजीं सिनेटमध्यें अशा एका ठरावास ५४ विरुद्ध ४२ मतें पडलीं. चर्चा संपविण्यास लागणारीं ६० मतेंहि मिळालीं नाहींत.

विरोधकांचा आक्षेप क्षुल्लक नाहीं. वर्तमानपत्रें, प्रकाशनगृहें, धर्मादाय मंडळें याहि बहुधा कायद्यानें घडविलेल्या संस्थाच होत. कागद व शाई पैशावांचून येत नाहींत. खर्चावर अंकुश सरकारच्या हातीं दिल्यास टीकाकाराचें तोंड बांधण्याचें साधनच त्यास मिळेल. यासाठीं २०१४ च्या मसुद्यांत मुद्रणस्वातंत्र्य अबाधित राखणारें कलम होतें. परंतु वर्तमानपत्र कोणतें आणि प्रचारपत्र कोणतें, हें ठरविणार कोण?

हा प्रश्न मुंबईस अपरिचित नाहीं. १९५७ सालीं राजकीय पक्षांस देणगी देण्याची मुभा मागणारा एका कंपनीचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें मान्य केला. पण असा पैसा लोकशाहीचा गळा घोटूं शकेल, असा इशारा मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं दिला. कंपन्यांच्या देणग्यांवरील मर्यादा भारतांत २०१७ सालीं उठविण्यांत आली, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें उठविणेंच घटनाबाह्य ठरविलें. एका देशांत घटनेच्या आधारें मर्यादा गेली, दुसऱ्यांत घटनेच्याच आधारें ती परत आली. तेव्हां घटनेंतील अक्षरांइतकेंच महत्त्व, 'व्यक्ति' या शब्दानें कोणाचें रक्षण करावयाचें, या निश्चयास आहे.