चोरून पाहिलेले चित्रपट

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



'श्रमिक आणि करमणूक' या आजच्या विषयावर बोलण्यापूर्वी एक कबुली देणे मला भाग आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्या या माणसाला परग्रहावरचे राक्षस, उडत्या तबकड्या आणि हाणामारी यांनी भरलेले स्वस्तातले चित्रपट मनापासून आवडतात. लहानपणी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, तंबूतल्या पडद्यावर 'चाँद पर चढाई' पाहिला. १९६७ सालचा तो चित्रपट. माणसाचे पाऊल चंद्रावर पडण्याच्या दोन वर्षे आधीच आपला दारासिंग तेथे पोचला होता, आणि तेथेही कुस्तीच खेळत होता! सारे खोटे आहे हे आम्हा पोरांनाही कळत होते. त्याने आमचे काही बिघडले नाही.

पुढे प्राध्यापक झालो, चळवळीत आलो, आणि ही आवड लपवू लागलो. १९८७च्या सुमारास एका व्हिडिओ पार्लरमध्ये मफलर गुंडाळून मी मागच्या बाकावर बसत असे. त्याच दिवसांत डाळमिलमधला एक तरुण हमाल आमचा अभ्यासवर्ग बुडवून असाच एक चित्रपट पाहायला गेला. 'भांडवलदारांची अफू' वगैरे शब्द वापरून सर्वांदेखत मी त्याची कानउघाडणी केली. तो चित्रपट मी आदल्याच रात्री पाहिला होता. तो हमाल पुन्हा बैठकीला आला नाही.

आता दुसऱ्या मालेगावकडे वळतो. नाशिक जिल्ह्यातल्या, यंत्रमागांच्या. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडत गेल्या आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील मागांकडे अधिकाधिक सरकले, हे आपण जाणता. लहान लहान तुकड्यांत विभागलेल्या त्या कारखान्यांत कामगार कायदा सहसा शिरत नाही. पाळी बारा तासांची. शुक्रवारी माग बंद असतात, आणि त्या दिवशी तेथील चित्रपटगृहांत पाऊल ठेवायला जागा नसते.

या गावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या गृहस्थाने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि नंतर थेट सुपरमॅनलाच हात घातला. १९७८च्या अमेरिकी 'सुपरमॅन'ला साडेपाच कोटी डॉलर लागले होते. येथे कॅमेरा सायकलवर बसविला. नायक होता शफीक शेख, काडीसारखा किरकोळ, मागावर राबणारा कामगार. हिरव्या कापडासमोर त्याला आडवे धरले की तो उडू लागे. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या खटाटोपावर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. आणि २०२४ साली रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट केला.

तो माहितीपट पाहताना मी पोट धरून हसलो, आणि मग मला माझ्या हसण्याचाच संशय आला. कारण ती माणसे आपल्या फजितीवर स्वतःच आधी हसत होती. मी काही शोध लावला नव्हता. दिवसभर दुसऱ्याचे कापड विणणारा माणूस सुटीच्या दिवशी आपल्या गावासाठी आपल्याच बोलीतला महाबली घडवितो, हे अफूचे सेवन म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. क्रांतीही म्हणू नये. तशी अतिशयोक्ती आपल्याकडे पुष्कळ होते. चित्रपट निघाला म्हणून मागावरची पाळी एका मिनिटानेही कमी झाली नाही.

शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. २०११ साली तो वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी आपल्या टपऱ्यांवर कशी पाळली जाते, हे लातूरकरांना मी सांगायला नको.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या अभ्यासवर्गात व्याख्यान नको, हा माहितीपट दाखवावा. साधारण तासाभराचा आहे. वेळ मात्र आपल्या सोयीची न ठेवता डाळमिलची पाळी सुटल्यावरची ठेवावी. ती नेमकी किती वाजता सुटते, हे इतकी वर्षे या शहरात राहून मला ठाऊक नाही. येथे कोणाला ठाऊक आहे काय?