‘नोटीस’ : एका शब्दाची ओळख

नागपूरच्या सदर भागातून सिव्हिल लाइन्सकडे, म्हणजे कोर्ट-कचेऱ्यांकडे चालू लागले की, हातात कागदांची सुरळी धरलेली खेड्यातली माणसे हमखास भेटतात. एकदा असेच काटोलकडचे एक वयस्कर शेतकरी चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. मी शाळेत इंग्रजी शिकवलेले, ते कसे ओळखले कोण जाणे, पण म्हणाले, "मास्तर, थोडं वाचून सांगता का जी?" कागद म्हणजे दिवाणी कोर्टाच्या एकतर्फी हुकूमनाम्याची नक्कल होती. ती ऐकून ते म्हणाले, "पण म्या त नोटीस घेतलीच नव्हती! पोस्टमन आला, त वापस धाडली. मंग निकाल कसा लागला?"

कोर्टाचे समन्स असो की वकिलाचे पत्र, आपण सगळ्यालाच नोटीस म्हणतो. इंग्रजीतून आपण हा शब्द उचलला, पण त्याचा एकच तुकडा उचलला : कागद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जाणलेले’ असा आहे. इंग्रजीत पानावरचा डाग शेतकऱ्याच्या नजरेस येतो, तेही नोटीस; घरमालक महिनाभर आधी खोली सोडायला सांगतो, तेही नोटीस; शाळेच्या फळ्यावर सुट्टीची सूचना लागते, तीही नोटीसच. एखादा मुलगा चार दिवस मागच्या बाकावर गप्प बसतो आणि ते बाईंच्या लक्षात येते, त्यालाही इंग्रज हाच शब्द वापरील. मराठीत यासाठी आपल्याजवळ लक्षात येणे, दखल घेणे, नोंद घेणे, सूचना, इशारा असे निरनिराळे शब्द आहेत. शिक्षक मित्रांनो, मुलांना अर्थ सांगताना एकच प्रतिशब्द घोकून घेऊ नका. वाक्य द्या आणि त्यात कोणता शब्द बसतो ते त्यांनाच शोधू द्या.

हल्ली मुले सर्रास ‘मी नोटीस केलं’ म्हणतात. आपल्या कानाला ते खटकते खरे. पण गंमत अशी की, हा शब्द क्रियापद म्हणून वापरण्यावर बेंजामिन फ्रँकलिननेही 1789 साली कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली होती. ती कोणी ऐकली नाही!

आता कायद्याकडे वळू. कायद्याने या शब्दाचा मूळ अर्थ सोडलेला नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात नोटीस म्हणजे कागद नव्हे, तर माहिती असणे. आणि नुसती असलेली माहिती नव्हे. चौकशी केली असती तर जी कळली असती, पण जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने चौकशीच केली नाही, तीही तुम्हांला होती असे धरतात. समजा, तुम्ही शेत विकत घेताय. सातबारा पाहिला, पण बांधावर गेला नाहीत. तिथे तिसराच माणूस वहिवाट करतोय. त्याचा काही हक्क निघाला, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे चालत नाही. त्याचा ताबा हीच तुम्हांला नोटीस. रीतसर नोंदलेल्या दस्ताचेही तसेच. तेव्हा इसार देण्याआधी बांधावर जा, आणि औत कोणाचे चालले आहे ते विचारा.

फेरफाराची नोटीस तर घरात वाटणी झाली, वारस लागले, की येतेच. ती चावडीवर लागते, हितसंबंधितांना कळवतात, आणि हरकतीला साधारण 15 दिवस मिळतात. आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही ती पाहता येते. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणींनी तर ती अधूनमधून पाहावीच. भाषा मात्र जड असते. ‘सदर इसम’, ‘सदर मिळकत’ हे वाचून कोणाला वाटते की नागपूरच्या सदरमधली मिळकत आहे! तिथे सदर म्हणजे ‘वर सांगितलेली’ एवढेच.

राहिला आजोबांचा प्रश्न. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून ते परत गेले, की कोर्ट समन्स बजावले गेले असे मानते. दार लावून घेतले, तर दारावर चिकटवता येते. तारीख मात्र थांबत नाही. मी आजोबांना हे सांगितले. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करता येतो. त्याला मुदत 30 दिवसांची. गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते, आणि ‘घेतलीच नाही’ हे कारण दुबळे आहे, हेही लपवले नाही. जिल्हा न्यायालयात अपील करायचे तरी मुदत तेवढीच. वकील नेमण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

आजोबांनी विचारले, "तारीख कोन्ती हाय जी त्यावर?" मी वाचून दाखवली. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले. एकवीस दिवस गेले होते. चहा तसाच अर्धा ठेवून ते कोर्टाकडे निघाले.